एफ-६ आणि फ्लॉपीचे लांबलेले आयुष्य

१९९८ मध्ये ॲपलने आयमॅक फ्लॉपी ड्राइव्हशिवाय विकायला काढला. फ्लॉपीचा शेवट सांगताना हेच वर्ष पुढे केले जाते. मला ते पटत नाही. फ्लॉपी पुढेही टिकली, ती विंडोज एक्सपीच्या सेटअपमुळे.

विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्या एकामागून एक घालण्याचा काळ तेव्हा सरला होता. २००१ मध्ये आलेले एक्सपी सीडीवरूनच बूट होई. पण सेटअपला हार्ड डिस्क दिसायची ती फक्त ज्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्या सीडीत असेल त्याचीच. पुढे साटा डिस्क आल्या, मदरबोर्डवरचे कंट्रोलर सीडीपेक्षा नवे निघाले. हार्ड डिस्क सापडत नाही, असे निळ्या पडद्यावर आले की साधा माणूस डिस्क गेली असेच समजणार. डिस्क मात्र ठणठणीत असे.

उपाय काय? सेटअप सुरू होताच एफ-६ दाबायचे आणि ड्रायव्हर द्यायचा. तोही ए ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवरूनच. सीडी किंवा पेन ड्राइव्ह चालत नसे. शंभर-दोनशे जीबीची डिस्क ओळखायला १.४४ एमबीची फ्लॉपी! ड्राइव्ह नसेल त्याने बायोसमध्ये आयडीई मोड आहे का ते बघावे, नाहीतर ड्रायव्हर आत मिसळून वेगळी सीडी तयार करावी. हे जमणारे थोडेच. माझ्या मते हा दोष सरळ मायक्रोसॉफ्टचा होता.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाला बाकी कितीही नावे ठेवा, त्याच्या सेटअपने ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरूनही घेतला.