पणजीच्या चर्चमधील थोरली घंटा

फिरंगी घंटा दिसली कीं ती वसईच्या लुटींतील, अशी आपल्याकडे समजूत आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा पाहिलेल्यांस तसें वाटणें स्वाभाविक. परंतु लेखाचा ठसा घेतल्यावांचून वसईचें नांव घेऊं नये. पणजीच्या टेकडीवरील चर्चची थोरली घंटा आम्हीं पाहिली, तिचा वृत्तांत निराळा आहे. ती मूळची जुन्या गोव्यांतील ऑगस्टीन पंथाच्या मठाची. तेथील सुमारें ४६ मीटर उंचीच्या जांभ्याच्या मनोऱ्याचा भग्न भाग अद्यापि उभा आहे. त्याची ही दशा कोणा शत्रूच्या तोफेनें केलेली नाहीं. इ. स. १८३५ त पोर्तुगीज सरकारनेंच मठ बंद केले. बेवारशी छत १८४२ त कोसळलें, आणि दर्शनी भिंत व अर्धा मनोरा १९३१ त. मध्यंतरीं, १८४३ त, राजधानी पणजीस गेली. घंटा कांहीं काळ आग्वादच्या दीपगृहांत राहून १८७१ त पणजीस आली. त्या चर्चच्या पायऱ्यांवरून आज खालचा चौक व शहर दिसतें. जुन्या मनोऱ्याभोंवतीं माड, चार देवळें फिरंग्यांचीं, आणि जांभ्याचे ढीग.