बारीच्या आधी

चाकणच्या आसपासच्या गावांत यात्रेच्या दिवशी बैलगाड्यांचा घाट सकाळीच जागा होतो. हा घाट म्हणजे डोंगरातली वळणं नव्हेत, तर शर्यतीसाठी राखलेली चढाची सरळ धाव. ग्रामदैवताची पूजा होते, घाटात नारळ फुटतो, वाजतगाजत आणलेल्या बैलांवर भंडारा उधळला जातो. मग चार बैल जुंपायचे, पुढे घोडी. निवेदकाच्या तोंडून ‘उचल की टाक’ आणि पाठोपाठ ‘भिर्रर्र’ निघतं. बारी, म्हणजे एका गाड्याची घाटातली धाव, सेकंदांत मोजली जाते. तिच्या आधीची लगबग मात्र कितीतरी लांब असते, आणि गाव त्या लगबगीसाठीही जमलेलं असतं.

मोठ्या क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनालाही अशीच गर्दी लोटते. पण तिथे परंपरा म्हणून जे दाखवलं जातं ते किती जुनं, किती खरं, हे तपासायला हवं. ऑलिंपियात पेटवलेली मशाल हातोहात मैदानात येते, तेव्हा पाहणाऱ्याला तो सोहळा प्राचीन ग्रीसचा वाटतो. प्रत्यक्षात ही दौड 1936 साली बर्लिन ऑलिंपिकसाठी, नाझी राजवटीत, पहिल्यांदा झाली. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. त्यांचे खेळ मात्र आखाड्यातून आणि मैदानातून तिथे गेले होते. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात तर जगाने एका मुलीला गाताना पाहिलं आणि आवाज दुसऱ्याच मुलीचा ऐकला.

मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं उदाहरण 1982 चं आहे. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात पुण्याजवळच्या परिंचे गावचे सुमारे 400 लेझीमपटू उतरले होते. लेझीम मुळात व्यायामाची. नावच फारसीतून आलेलं, आणि त्याचा मूळ अर्थ सरावाचं साखळी लावलेलं धनुष्य. तिथून ती आखाड्यांत, शाळांच्या कवायतीत आणि यात्रेच्या मिरवणुकीत रुजली. गावात लेझीम खेळणारे हलगीवाल्याकडे आणि एकमेकांकडे पाहत खेळतात, चुकलं तर शेजारचा सावरून घेतो. स्टेडियममध्ये हीच मंडळी लांबच्या प्रेक्षकांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी ओळी धरतात. इतका बदल झाला म्हणून ती लेझीम खोटी ठरत नाही. दिल्लीत खेळणाऱ्यांच्या हातात ती उद्घाटनाच्या आधीपासून होती, आणि एका संध्याकाळपुरती शिकवलेली नव्हती.

चाकणच्या पट्ट्यात परंपरेच्या खरेपणाचा हा प्रश्न अधिक अवघड आहे.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद पडल्या. राज्याने 2017 साली कायदा बदलला, तरी परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. घाट पुन्हा उघडले तेव्हा सोहळ्यालाही नवं रूप आलं. फेब्रुवारी 2022 मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात शिरूरचे खासदार आणि अभिनेते डॉ. अमोल कोल्हे दिलेल्या शब्दाप्रमाणे स्वतः घोडीवर बसून बारीपुढे धावले. कॅमेरे होते, राजकारणही होतं. पण चार बैल मागून उधळत येत असताना चढावर घोडी पळवणं हा अभिनय नाही. तिथे पकड सुटली की माणूस बैलांच्या पायांखाली जातो.

त्याच वर्षी मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-तळवडे भागात झालेल्या शर्यतींच्या बक्षिसांत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर आणि दुचाक्या होत्या. ज्या यंत्रांनी या पट्ट्यातले माळ सपाट करून कारखान्यांना आणि सोसायट्यांना जागा दिली, त्यांपैकीच एक यंत्र बैलांच्या शर्यतीचं बक्षीस झालं. बक्षिसांच्या आकारापेक्षा मनाला लागते ती वेगळी गोष्ट. पूर्वी घाटात पळणाऱ्या बैलाला गोठ्याबरोबर शेताचीही ओळख होती. आता कित्येक दावणींना बैल आहेत ते फक्त शर्यतीसाठी, कारण नांगरायला रानच उरलेलं नाही. त्या बैलांवरचं मालकाचं प्रेम खोटं नाही, खुराकाचा खर्च खोटा नाही. तुटलं आहे ते बैलाचं शेताशी असलेलं नातं, आणि मांडव कितीही मोठा घातला तरी ते त्यातून जोडलं जात नाही.

18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आता यात्रेआधी प्रशासनाची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते. नारळ फुटतो तो त्यानंतर. भंडारा उडतो, घोडी पुढे येते, आणि चढाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं निवेदकाच्या हाकेची वाट पाहत राहतात.