भिंत आणि अवधी : अग्निरोधाच्या विचारातील एक स्थित्यंतर

सोलापुरात सात रस्त्यापासून काही किलोमीटरांवर, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ रोजी टॉवेलच्या कारखान्यास आग लागून आठ जणांचा अंत झाला. आगीत इमारत किती काळ तग धरते, हा प्रश्न अशा वेळी केवळ शास्त्रीय राहत नाही.

सोलापूरच्या जुन्या धाब्याच्या घरांत त्याचे उत्तर जाडीत होते. मातीची जाड भिंत ताप सावकाश आत घेई. भय होते ते तुळयांच्या लाकडाचे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा लाकडी महाल गेले, तट मात्र उभे राहिले.

थंड स्थितीत वाकविलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्याने हे गणित पालटले. जॉर्ज विंटर यांच्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधनाच्या आधारे १९४६ मध्ये अमेरिकेत पहिली संहिता निघाली; भारतीय मानक ८०१ ची सुधारित आवृत्ती १९७५ ची. हा पत्रा जळत नाही. परंतु जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असल्याने तो लवकर तापतो, आणि ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत त्याचे निम्म्याहून अधिक बळ जाते. त्यास राखतात त्या दोन्ही अंगांच्या जिप्समच्या फळ्या. जिप्सममधील सुमारे २१ टक्के स्फटिकजल वाफ होताना उष्णता शोषते. ते संपून फळी तडकली, गळली, की सांगाडा उघडा पडतो.

तात्पर्य, बळ पोलादाचे, अवधी मात्र आवरणाचा. मातीच्या भिंतीत ही दोन्ही कामे एकच द्रव्य करी. नव्या भिंतीत ती विभागली गेली. म्हणून फळ्यांच्या सांध्यांची हयगय करणे म्हणजे आतील माणसांच्या सुटकेची मिनिटे कमी करणे होय.