चुन्याचा पोतारा आणि चारशे वर्षांचं चर्च

‘आपला इतिहास, आपली वास्तू’ या विषयावर आज बोलायचं आहे. गावात जुनं देऊळ असतं, बुद्धविहार असतो, मशीद असते, कुठे चर्च असतं. एक दिवस ठरतं की जीर्णोद्धार करायचा. मंडप पडतो, नारळ फुटतो, कुदळ मारली जाते, फोटो निघतात. त्या दिवशी सगळे असतात. पण वास्तू वाचते की बिघडते, ते कुदळ मारायच्या आधी काय विचार झाला आणि नंतर दरवर्षी कोण लक्ष देतं, यावर ठरतं. हे समजून घ्यायला आज कोहमाऱ्याहून थेट गोव्याला जाऊ.

जुन्या गोव्यात बॉम जेझू नावाचं चर्च आहे. बॉम जेझू म्हणजे भला येशू. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधी. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव इथे चांदीच्या पेटीत ठेवलेलं आहे. ती पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. दर दहा वर्षांनी शवदर्शनाचा सोहळा होतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बॉम जेझूत प्रार्थना चर्च चालवतं, वास्तूची देखभाल भारतीय पुरातत्त्व खातं करतं.

हे चर्च बांधलंय जांभ्या दगडाचं. जांभा म्हणजे कोकण-गोव्यातला लाल, भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवा लागली की कडक होतो. पण भोकं राहतातच, आणि भोकांतून पाणी आत जातं. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडच्या दुपटीहून जास्त. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. म्हणून ते जांभ्याची भिंत उघडी ठेवत नसत. तिच्यावर चुन्याचा गिलावा चढवायचे आणि दर काही वर्षांनी पुन्हा चुना द्यायचे.

आता आपल्या मातीच्या घराची भिंत आठवा. दिवाळीच्या आधी आपण पांढऱ्या मातीचा पोतारा देतो, भुई शेणानं सारवतो, पावसाळ्याआधी कवेलू फेरून घेतो. शोभा येते ती वरकड. मुळात पोतारा म्हणजे भिंतीचं अंगावरचं लुगडं. पाऊस लुगड्यावर पडतो, ते झिजतं, आपण दुसरं देतो, आतली भिंत शाबूत राहते. चुन्याचा गिलावा तेच काम करतो. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजतात, मग पाण्यात विझवतात, रेती घालून घाणीवर मळतात. काही भागांत गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणीही घालत. भिंतीवर चढवल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगडासारखा होतो. तरी तो श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर निघते. सिमेंट तसं करत नाही. जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते.

बॉम जेझूच्या बाबतीत घडलं ते असं. १९५० च्या दशकात, पोर्तुगीजांचं राज्य असतानाच, बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञानं या चर्चच्या बाहेरचा गिलावा काढून टाकायला लावला. जुनी वास्तू जुनी आणि भारदस्त दिसावी असा तेव्हाचा विचार होता. लाल दगड उघडा पडला आणि खरंच भारदस्त दिसू लागला. आज पर्यटक त्याच लाल भिंतीसमोर फोटो काढतात. पुष्कळांना वाटतं, हे चर्च पहिल्यापासून असंच आहे.

पण तेव्हापासून सत्तर पावसाळे त्या उघड्या दगडानं झेलले. जांभा झिजतो आहे, भिंती पाणी पितात. संवर्धनाचे जाणकार म्हणतात, चुन्याचा गिलावा परत द्या. दुसरीकडे लोकांना लाल रूपाची सवय झाली आहे, आणि पांढरं केलं तर ओळख जाईल असं काहींना वाटतं. २०२० च्या टाळेबंदीत छपराचं काम अडकलं आणि पावसाळा तोंडावर आला. तेव्हा छप्पर वेळेत झाका, अशी मागणी चर्चच्या फादरांना जाहीरपणे करावी लागली. जागतिक वारसा असो की आपली दोन खोल्यांची झोपडी, मृग कुणासाठी थांबत नाही.

बॉम जेझूपासून थोड्या अंतरावर सेंट ऑगस्टीनचा मनोरा उभा आहे. म्हणजे त्याचं उरलेलं अर्धं अंग. हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं, मनोरा ४६ मीटर उंच. ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ तिथे होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं संन्याशांचे संघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी भाग गेला. मनोऱ्यातली मोठी घंटा वाचली, ती आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते. बघा, राखण करणारे हात गेले आणि सात वर्षांत छत खाली आलं. तोफा लागल्या नाहीत, भूकंप लागला नाही.

आपल्याकडेही हेच झालंय. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियात कोहळी समाजानं आणि गावोगावच्या लोकांनी ते बांधले. आपल्या जवळचा नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती, त्यात जुलूमही होता. पण तलावाची पाळ बघणारी, गाळ काढणारी, पाणी वाटणारी जुनी घडीही तिच्याबरोबर विस्कटली. नवी घडी लवकर बसली नाही. तलाव गाळानं भरत गेले. व्यवस्था मोडताना तिच्यातलं राखणीचं काम कुणाकडे जाणार, हे आधी ठरवावं लागतं. गोव्याच्या मठात ते ठरलं नाही, आपल्या तलावांच्या बाबतीतही नीट ठरलं नाही.

इथे एखादी ताई विचारेल, आणि विचारायलाच हवं: ज्या राज्यकर्त्यांनी आमची देवळं पाडली, त्यांची चर्चेस आपण कशाला जपायची? प्रश्न खरा आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आलं आणि ते १८१२ पर्यंत चाललं. मंगेशी कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, खाडीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. हे लपवून इतिहास सांगणं म्हणजे अर्धा इतिहास सांगणं.

पण उरलेला अर्धाही सांगू. या भिंती पोर्तुगालहून आल्या नाहीत. दगड इथला, दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणल्याचं सांगतात, आणि राबणारे हात इथल्याच माणसांचे. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. त्यानंतर या चर्चेसमध्ये मेणबत्ती लावणारी, लेकराचा बाप्तिस्मा करणारी, दुखण्यात नवस बोलणारी माणसं गोव्याचीच. त्यांच्या आज्यांनी या फरशा पुसल्या. झालेल्या अन्यायाचा हिशोब वास्तू पाडून चुकता होत नाही. उलट वास्तू उभी असली तर पुढच्या पिढीला दोन्ही गोष्टी तिच्यासमोर उभं राहून सांगता येतात.

गोव्याच्या गावोगावच्या चर्चेसचा कारभार पाहिला तर आपल्याला तो ओळखीचा वाटेल. तिथे ‘फाब्रिका’ नावाची समिती असते. चर्चची इमारत, जमीन, दानपेटी, दुरुस्ती यांचा हिशोब ती ठेवते. खजिनदार असतो, वही असते. जुन्या काळी खर्चाचा मोठा वाटा गावकारी उचलायची. गावकारी म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची संस्था, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. आपला बचत गट काय वेगळं करतो? महिन्याची बचत, बैठकीचं इतिवृत्त, कर्जाची नोंद. फरक एकच. गावकारीत हक्क पुरुषांच्या वंशानं चालायचा. बाई गावकार नसायची. भिंतीला लागणारं पाणी तिनं वाहायचं, निर्णयाच्या बैठकीला मात्र ती नसायची.

ही गोष्ट गोव्याची आणि जुनी म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या गावात देवळाचं, विहाराचं, समाजमंदिराचं काम निघतं तेव्हा वर्गणी घरातून जाते, म्हणजे बहुतेकदा बाईच्या डब्यातून. रेती-पाण्याची घमेली बाया उचलतात, जेवणावळीचा स्वयंपाक बाया करतात. समितीच्या फलकावर नावं मात्र कुणाची असतात, ते तुम्ही वाचलेलंच आहे. भिंत कुठे ओल धरते, छपराचा कोणता कोपरा गळतो, हे रोज झाडणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळतं. तिला न विचारता टाइल्स बसतात, ऑइलपेंट लागतो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघतात.

चांगली उदाहरणंही आहेत. मुंबईत भायखळ्याला ग्लोरिया चर्च आहे. माझगावात १६३२ पासून असलेल्या चर्चचा वारसा सांगणारी तिथली सध्याची इमारत १९१३ ची. तिची दुरुस्ती इतक्या नेटानं झाली की २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा सन्माननीय उल्लेख झाला. पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला पेटलं, जुनं लाकडी छप्पर जळून गेलं. लोखंडी छप्पर लवकर झालं असतं. पण तिथल्या सुतारांनी ओकची सुमारे २,००० झाडं वापरली, कित्येक तुळया कुऱ्हाडीनं तासल्या, जुन्या पद्धतीनंच सांधे जोडले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. पाच वर्षांत लाकूडकामाची जुनी विद्या नव्या मुला-मुलींच्या हाती आली. आपल्या भागात चुना मळणारा, कवेलू घडवणारा म्हातारा कारागीर अजून असेल, तर तो आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्यायला हवं.

आता आपल्या कामाचं बोलू. तुमच्या गावात कोणत्याही धर्माच्या जुन्या वास्तूचं काम निघणार असेल, तर गटाच्या बैठकीत हे मुद्दे घ्या.

पहिलं, कुदळ मारायच्या आधी मोबाइलवर वास्तूचे चारही बाजूंचे, आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवा. म्हाताऱ्या बायांना विचारून लिहा की आधी काय होतं, कधी बदललं. बॉम जेझूचा गिलावा काढलेला आहे, हे जुन्या फोटोंवरूनच लोकांना पटवता येतं.

दुसरं, काढायच्या आधी विचारा: हे इथे कशासाठी होतं? वर्षानुवर्षं टिकलेल्या गोष्टीला बहुतेकदा काहीतरी काम असतं. वास्तू फार जुनी वाटली तर पुरातत्त्व खात्याला कळवा. संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे.

तिसरं, खर्चाचं अंदाजपत्रक करताना फक्त बांधकामाचा आकडा धरू नका. दरवर्षीच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवायला लावा. छपराचं पाणी नीट वाहून जातं का, भिंतीवर पिंपळ उगवला का, हे मृगाच्या आधी बघायला दोन जणींची नावं ठरवा. भिंतीतला पिंपळ वीतभर असताना उपटला तर निघतो. हातभर झाला की भिंत घेऊन निघतो.

आणि चौथं, समितीत बाया असाव्यात असा ठराव मांडा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. वर्गणी देणारीचं नाव वहीत येतं, तसं निर्णय घेणारीचंही यायला हवं.

चारशे वर्षांच्या वास्तूला कुणा एका राजानं किंवा बिशपानं टिकवलेलं नसतं. चारशे पावसाळ्यांच्या आधी कुणीतरी छपरावर चढलेलं असतं, कुणीतरी चुना मळलेला असतो. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. पण ते काम काय असतं, हे दिवाळीआधी पोताऱ्याचा बोळा हातात घेणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ते माहीत असणं ही विद्या आहे, आणि ती बैठकीत बोलून दाखवायची असते.

या महिन्याच्या बैठकीत तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या वास्तूबद्दल बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.