खजाना विहिरीचा कारागीर

बीडची माहेरवाशीण असो की सासुरवाशीण, खजाना विहीर पाहिली नाही अशी भगिनी आपल्या मंडळात बहुधा नसेल. शहराच्या दक्षिणेला पाचसहा किलोमीटरांवर ती आहे. विहीर कोणाची, असे विचारले की सगळ्या सलाबतखानाचे नाव सांगतात, आणि ते बरोबरच आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मूर्तजा निजामशहाच्या अमदानीत तो बीडचा जहागीरदार होता. हिजरी सन ९९१, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास त्याने ती बांधविली. पण बांधविणारा वेगळा आणि रचणारा वेगळा. ज्याने ती रचली त्याचे नाव राजा भास्कर. हे नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? मला स्वतःला ते लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले.

या विहिरीला तीन भुयारे आहेत. दोहोंतून पाणी आत यायचे, तिसऱ्यातून बाहेर पडून बलगुजार भागातील शेतांना जायचे. मोट नको, बैल नको. पाणी उताराने आपले आपण चालायचे. सांगायला हे सोपे वाटते. पण उतार कमी पडला तर पाणी तुंबते आणि जास्त झाला तर तळ खरवडून निघतो. घरची मोरी बांधताना एवढ्याशा पाण्यासाठी आमच्या गवंड्याला दोनदा फरशी उकलावी लागली होती. भास्कराने तर जमिनीच्या पोटातून, डोळ्यांना न दिसणारा उतार साधला!

खान मुसलमान, कारागीर हिंदू. खानाने काम सोपविताना धर्म पाहिला नाही, हुन्नर पाहिला. उगीच त्याला संत ठरवू नये. पाणी आले की वसूल वाढतो, हे त्यालाही कळत असणारच. पण पैसा आणि भरवसा त्याने टाकला नसता, तर भास्कराची विद्या त्याच्याबरोबरच गेली असती.

त्याच दरबारातली आणखी एक गोष्ट. मूर्तजाचा वजीर चंगेजखान हा हबशी होता. बाजारोबाजार विकला गेलेला एक हबशी गुलाम त्याने विकत घेतला आणि हाताखाली तयार केला. तोच पुढे मलिक अंबर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि जमिनीखालच्या नहरीने व मातीच्या नळांनी शहरात पाणी आणले.

बायकांना मात्र फार वाट पाहावी लागली. मुंबईच्या पेरिन मिस्त्री यांनी १९३६ साली जे. जे. तून आर्किटेक्टची पदविका घेतली; देशातील पहिल्या स्त्री आर्किटेक्टांत त्यांची गणना होते. त्यांचे वडील जमशेटजी स्वतः आर्किटेक्ट होते, त्यांच्याच कंपनीत त्यांना काम मिळाले. त्यांचे कर्तृत्व मोठेच. पण ज्या मुलीच्या बापाची कंपनी नाही, तिने कोणाकडे पाहावे?

आमच्या गल्लीतील एक मुलगी सध्या हाच अभ्यास करते. बाप सेंटरिंगच्या कामावर जातो. २०२४ साली शासनाने आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले, म्हणून ती शिकू शकली. पण अभ्यासक्रम पाच वर्षांचा. नकाशाचे कागद, पुठ्ठ्यांचे नमुने, परगावचे राहणे, हे त्या माफीत बसत नाही. मागच्या सत्रात तिने मैत्रिणींनी टाकलेल्या पुठ्ठ्यांच्या कडा जोडून नमुना केला, असे तिच्या आईने मला सांगितले.

मंडळाच्या शिल्लक रकमेतून तिला साहित्याला पैसे द्यावेत, असे मी मागील सभेत सुचविले. दोघीतिघी म्हणाल्या, "आपण शिवणयंत्रे देतो, घरांच्या नकाशांशी बायकांच्या मंडळाचा काय संबंध?" वेळ संपल्याने विषय तहकूब झाला. पुढच्या सभेत तो पुन्हा येणार आहे, तेव्हा भगिनींनी अवश्य हजर राहावे.