न्यूयॉर्कमधील सहकारी घर : जॅक्सन हाइट्सचा पूर्वेतिहास

मुंबईत बिऱ्हाड मिळविण्यासाठी आपल्या मागील पिढ्यांनी सोसलेले हाल ज्ञातिबांधवांना सांगावयास नकोत. परंतु न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य नगरीतही मध्यमवर्गाने घरासाठी सहकाराचाच आश्रय घेतला, ही हकीकत आपल्याकडे फारशी परिचित नाही. तेथे स्थायिक झालेल्या मंडळींच्या बोलण्यात ‘प्रीवॉर को-ऑप’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या इमारतीतील सहकारी घर, एवढाच त्याचा अर्थ.

अशा घराचा खरेदीदार भिंतींचा मालक होत नाही. इमारत संस्थेची, त्याच्याकडे असतात ते संस्थेचे भाग आणि त्या भागांच्या अनुषंगाने मिळालेला भाडेपट्टा. आपल्याला ही व्यवस्था नवलाची वाटू नये. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहरचना संस्था निघाली, तीही भाडेकरूच भागीदार या तत्त्वावर. पुढल्याच वर्षी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फिनलंडहून आलेल्या श्रमिकांनी स्वतःसाठी सहकारी इमारत उभारली व तिचे नाव ‘आल्कू’, म्हणजे ‘आरंभ’, असे ठेवले. नफा कोणाचाच नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

जॅक्सन हाइट्सची गोष्ट मात्र वेगळी. ती व्यापाऱ्याने रचलेली वसाहत होय. १९०९ साली ईस्ट नदीवरील क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि त्याच सुमारास एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने पलीकडची शेतजमीन खरेदी करण्यास प्रारंभ केला. १९१७ मध्ये उन्नत रेल्वे तेथवर पोहोचली व मॅनहॅटनमधील नोकरदारांस तेथे राहणे शक्य झाले. लिंडन कोर्ट, शातो, टॉवर्स ही नावे १९२० च्या दशकातील. अँड्र्यू थॉमस या वास्तुशिल्पज्ञाने त्यांत एक युक्ती योजिली. इमारती रस्त्याच्या कडेने उभ्या करून मधला सारा भाग सामाईक उद्यानासाठी मोकळा सोडला. त्यामुळे आतल्या खोल्यांनाही उजेड व हवा मिळाली. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढलेल्यास या एका गोष्टीचे मोल अधिक कळेल.

पुढे मंदी आली. प्रशस्त घरांना गिऱ्हाईक मिळेना, लहान घरांची मागणी वाढली. १९३९ साली, जवळच फ्लशिंग मेडोज येथे जागतिक प्रदर्शन भरले त्या वर्षी, थॉमस यांनीच डनॉली गार्डन्सच्या सहा इमारती उद्यानाभोवती बांधल्या. त्यांच्या कोपऱ्यांवरील खिडक्या त्या काळी फार आधुनिक समजल्या जात. त्या पिढीतील एका शयनगृहाचे घर म्हणजे प्रवेशाशी छोटा चौकोनी ओटा, दिवाणखाना, स्वयंपाकघर व न्हाणीघर. गिलाव्याच्या जाड भिंती आणि लाकडी जमीन. भाड्याने दिलेल्या अशा अनेक इमारती १९८० च्या दशकात सहकारी झाल्या. (‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाचे जनक आल्फ्रेड बट्स हे व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ व याच वसाहतीचे रहिवासी. लहान घरात बैठे खेळ सुचावेत, यात आश्चर्य नाही!)

परंतु या सुंदर उद्यानांभोवती एक न दिसणारे कुंपण होते. कंपनीने ही वसाहत ‘मर्यादित’ म्हणून विकली. यहुदी व कृष्णवर्णीय यांना तेथे घर मिळत नसे. सहकाराची घटनाच या कामी उपयोगी पडली, कारण भाग कोणास द्यावे हे ठरविण्याचा अधिकार संस्थेकडे होता. जो नियम शेजाऱ्यांना एकत्र आणतो, त्यानेच दारही लावता येते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी हा भाग परक्याची कहाणी म्हणून वाचून सोडून देऊ नये. गावदेवीसारख्या संस्था शहरात नव्याने आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या लोकांच्या आधारासाठी निघाल्या, हे खरे; आणि फिनलंडच्या श्रमिकांचेही तेच. तथापि आधार केव्हा अडसर होतो, याची रेषा सांगणे अवघड आहे. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहरचना संस्थेचा सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. निर्णय कायद्याच्या दृष्टीने झाला. मनाच्या दृष्टीने प्रश्न मिटला, असे मला वाटत नाही.

अमेरिकेने वाट निराळी धरली. वांशिक बंदीचे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांस स्थलांतराचा मार्ग मोकळा झाला आणि १९६८ च्या कायद्याने वंश, धर्म वा मूळ देश यांवरून घर नाकारणे निषिद्ध ठरले. त्यानंतर जॅक्सन हाइट्समध्ये भारतीय आले. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची व किराण्याची दुकाने लागली. १९९३ साली नगरपालिकेने वसाहतीचा मोठा भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित केला, तेव्हा त्या उद्यानांकडे पाहणाऱ्या खिडक्यांतून जगातील कितीतरी भाषा ऐकू येत होत्या. संचालक मंडळाची मुलाखत मात्र राहिली होती. मिळकतीचे दाखले, बँकेचे हिशेब व ओळखपत्रे सादर करून नव्या उमेदवारास तिला सामोरे जावे लागे, आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण सांगण्याचे बंधन मंडळावर नसे.