बाप: पोटगीपुरता आणि भेटीपुरता

शकुंतलेची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ती मुलाला घेऊन राजसभेत उभी राहते आणि दुष्यंत म्हणतो, मी तुला ओळखत नाही. बाप नाकारतो आणि आई पुरावा देते, अशा गोष्टी आपल्याकडे ढीगभर. पण उलटी गोष्ट? म्हणजे बाप दारात उभा राहून म्हणतोय की हे मूल माझं आहे, मला त्याला भेटू द्या, आणि सभाच विचारतेय की तू कोण? ही गोष्ट मला आधी आठवेचना. मग ती सापडली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमध्ये. (घरातल्या वडीलधाऱ्यांना विषय जरा अवघड वाटेल, पण वाचा. शेवटी प्रश्न लेकराचाच आहे.)

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण अमेरिकेने कायदा तिथूनच उचलला. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल जुन्या इंग्रजी कायद्यात 'कुणाचंच नाही' असं धरलं जाई. ना बापाचा वारसा, ना बापाचं नाव. पण त्या मुलाला खायला घालण्याचा भार गावच्या चर्चच्या फंडावर पडायला लागला, तेव्हा मात्र १५७६ साली कायदा झाला की न्यायाधीशांनी बाप शोधून काढावा आणि त्याच्याकडून खर्च वसूल करावा. गंमत बघा, मूल कुणाचंच नव्हतं, पण बिल बापाचं होतं! त्या मुलावर बापाचा काही हक्क असतो का, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही.

हीच विचारसरणी पुढे तीन-चार शतकं चालली. चार्ली चॅप्लिनचं प्रकरण अनेकांना माहीत असेल. रक्तगटाच्या तपासणीत तो त्या मुलीचा बाप असूच शकत नाही असं निघालं होतं, तरी १९४५ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने त्याला बाप ठरवलं आणि पोटगी लावली. रक्त काय म्हणतं यापेक्षा पैसे कोण देणार, हे महत्त्वाचं!

बापाच्या बाजूने पहिलं दार उघडलं ते १९७२ साली. खटल्याचं नाव स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय. हा माणूस एका बाईबरोबर अठरा वर्षं, अधूनमधून का होईना, संसार करत होता. तीन मुलं होती, फक्त लग्न झालं नव्हतं. ती वारली आणि इलिनॉय राज्याने मुलं सरकारी ताब्यात घेतली. का? तर त्या राज्याच्या कायद्यात 'पालक' या शब्दाच्या व्याख्येत अविवाहित बाप बसतच नव्हता. तो चांगला की वाईट हे कुणी तपासलंसुद्धा नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. तो नालायक आहे असं गृहीत धरून मुलं काढून घेता येणार नाहीत, आधी त्याची सुनावणी घ्या. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. हे नाव लक्षात ठेवा.

अकरा वर्षांनी, १९८३ साली, दुसरा खटला आला. लेअर विरुद्ध रॉबर्टसन, राज्य न्यूयॉर्क. मुलगी १९७६ साली जन्मली. नंतर आईने दुसऱ्याशी लग्न केलं आणि त्या दांपत्याने मुलीच्या दत्तकविधानाचा अर्ज केला. इकडे बापाने वेगळ्या काउंटीच्या कोर्टात पितृत्व ठरवून भेटीचा हक्क मागितला होता, पोटगी द्यायचीही तयारी दाखवली होती. दत्तकाच्या न्यायाधीशांना हा अर्ज माहीत होता. तरी त्याला न बोलावता दत्तकाच्या आदेशावर सही झाली.

सुप्रीम कोर्टाने बहुमताने तो आदेश कायम ठेवला. कारण काय, तर न्यूयॉर्कमध्ये संभाव्य पित्यांची एक सरकारी नोंदवही होती आणि त्याने त्यात नाव घातलं नव्हतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर नोटीस आली असती! कोर्टाचं म्हणणं असं की रक्ताच्या नात्याने बापाला फक्त एक संधी मिळते. ती पकडून मुलाची जबाबदारी उचलली तर हक्क, नाहीतर नाही. आता विरोधी मत वाचा. त्यात बापाची बाजू आहे: तो रोज हॉस्पिटलमध्ये जात होता, नंतर आईने पत्ता लपवला आणि त्याने तिला शोधायला गुप्तहेर लावले. हे मत लिहिणारे कोण? तेच बायरन व्हाइट!

मला यात दोन्ही बाजू दिसतात. मारहाणीतून जीव वाचवून निघालेली आई असते, नऊ महिने वागवून पुढे कधीच न फिरकलेला बाप तिने पाहिलेला असतो. तिच्या दाराशी कुणीही येऊन हक्क सांगावा हे बरोबर नाही. पण येणारा खरोखरच लेकरासाठी आला असेल तर?

आज अमेरिकेत वाट थोडी सरळ आहे. हॉस्पिटलमध्येच आई-बाप दोघं पितृत्वाच्या कबुलीपत्रावर सही करू शकतात, आणि साठ दिवसांत ती मागेही घेता येते. वाद असेल तर कोर्ट डीएनए चाचणी सांगतं. पण एवढ्याने मूल भेटत नाही! भेटीसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा आदेश लागतो. ओहायोमध्ये कोर्ट दुसरं काही सांगेपर्यंत अविवाहित आईकडेच ताबा असतो. आणि ज्या इलिनॉयमध्ये हे सगळं सुरू झालं तिथेही आता नोंदवही आहे. मुदत, जन्मानंतर तीस दिवस.

आपल्याकडे? १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. पोटगी मात्र बापाकडून पूर्वीही मागता येत होती, आजही येते. २०१५ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अविवाहित आईला पालकत्वासाठी, मुलाशी संबंध न ठेवणाऱ्या बापाला नोटीस पाठवायची सक्ती नाही. त्या आईच्या जागी उभं राहिलं तर निकाल पटतो. बापालाही दार कायमचं बंद नाही, कारण ताब्याचे आदेश पुन्हा तपासता येतात. पण ते ठोठवायचं त्यालाच.

असो. चारशे वर्षांत एवढंच बदललं की बापाला खर्चाबरोबर भेटही मागता येते. पण खर्चासाठी कायदा त्याला शोधत येतो, आणि भेटीसाठी त्यालाच कायदा शोधत जावं लागतं, तेही वेळेत. तुमच्या ओळखीत तिकडे असा कुणी मुलगा असेल तर त्याला एवढंच सांगा: बाबा रे, भांडण नंतर कर, लेकराच्या कागदावर तुझं नाव आहे का ते आधी बघ.